फुलदाणीच्या बुडाखालची चिठ्ठी

आमच्या शेजारच्या बाईंनी घर विकून वृद्धाश्रमात राहायला जाण्याचे ठरवले, तेव्हा जाण्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला बोलावून टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक फुलदाणी माझ्या हातात दिली आणि तिच्याबरोबर एक काम सांगितले. फुलदाणी त्यांच्या आजीच्या धाकट्या बहिणीची होती. या मावशीआजी तरुणपणी एका बड्या लोखंड कारखानदाराच्या हवेलीत कामाला होत्या आणि त्यांच्या सेवेवर खूश होऊन तिथल्या मालकिणीने ती त्यांना बक्षीस दिली, असे त्यांच्या घरात सांगत आले होते. "हे खरे आहे का, आणि त्याआधी ती कोणाकोणाची होती, हे तू शोधून दे. मला आता कागद वाचवत नाहीत," असे त्या म्हणाल्या. मी मूळची मिरजेची. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या मिडल्सबरो शहरात आम्ही गेली सव्वीस वर्षे राहतो आणि त्यांतली एकोणीस वर्षे मी इथल्या एका कार्यालयात हिशेब तपासण्याचे काम केले. कागद वाचण्याची सवय मला होती, कुंभारकामाची काहीच माहिती नव्हती. पुढचे सात महिने मी जे केले त्याची ही हकिकत आहे. यातल्या कुटुंबांची नावे मी देत नाही, कारण त्यांचे काही दूरचे वंशज अजून याच परिसरात आहेत.

फुलदाणी साधारण वीतभर उंचीची आणि तुंब्याच्या आकाराची आहे, म्हणजे खाली मोठा गोल, मध्ये आवळलेली कंबर, वर लहान गोल आणि त्यातून निघालेला आखूड गळा. वर गडद तपकिरी रंग आहे. तो कमरेपाशी हिरव्यात मिसळतो आणि खाली ओघळत जाऊन मधासारख्या पिवळ्यावर थांबतो. हे रंग कुंचल्याने काढलेले नसून भट्टीत वितळलेल्या ग्लेझचे, म्हणजे काचेसारख्या लेपाचे, ओघळ आहेत, त्यामुळे एका बाजूचा ओघळ दुसऱ्या बाजूसारखा नाही. बूड उलटे करून पाहिले तर ग्लेझ न पोचलेल्या कडेला विटेच्या रंगाची माती दिसते. त्या मातीत तीन ठसे उमटवलेले आहेत. एक 'लिन्थॉर्प' हे नाव, दुसरी तिरप्या अक्षरांतली 'ख्रि. ड्रेसर' अशी सही, आणि तिसरी एकमेकांत गुंतवलेली एच आणि टी ही अक्षरे. बाजूला एक आकडा आहे, त्यात ग्लेझ साचल्यामुळे तो नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाही. बुडाच्या खोलगट भागात कागदाची एक तपकिरी चिठ्ठी चिकटवलेली होती. बाईंना ती ठाऊक होती, पण तिच्यावरचे मावशीआजींच्या नावाचे आद्याक्षर सोडले तर बाकी अक्षरे त्यांना कधी लागली नव्हती.

प्रथम ठशांचा उलगडा केला, कारण तो सर्वांत सोपा होता. लिन्थॉर्प हे आमच्याच भागाचे नाव आहे. आज इथे घरे आणि दुकाने आहेत, पण १८७९ साली इथल्या विटांच्या कारखान्याच्या जागेवर जॉन हॅरिसन नावाच्या जमीनदाराने कलात्मक मातीकामाचा कारखाना काढला. त्याची पार्श्वभूमी समजून घ्यायला हवी. १८०१ साली मिडल्सबरो ही पंचवीस माणसांची वस्ती होती. १८३० मध्ये कोळशाच्या वाहतुकीसाठी लोहमार्ग इथवर आला, १८५० मध्ये जवळच्या एस्टन टेकड्यांत लोहखनिजाचा मोठा साठा सापडला, आणि पाहता पाहता हे गाव लोखंडाच्या भट्ट्यांचे शहर झाले. १८७० च्या दशकाच्या अखेरीस लोखंडाच्या धंद्यात मंदी आली आणि शेकडो हात रिकामे झाले. त्या सुमारास वस्तूंचे आकार आखून देणारे कल्पक (डिझायनर) ख्रिस्तोफर ड्रेसर यांनी हॅरिसन यांना सुचवले की इथली जी लाल माती विटांपलीकडे कोणी वापरत नाही, तिच्यापासूनच सुंदर वस्तू घडवाव्यात, म्हणजे लोकांना कामही मिळेल.

ड्रेसर हा माणूस मला या शोधात फार जवळचा वाटू लागला. त्यांचा जन्म १८३४ चा, ग्लासगोचा. शिक्षण डिझाइनचे, पण गोडी वनस्पतिशास्त्राची, आणि त्या विषयातल्या लेखनाबद्दल जर्मनीतल्या येना विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ही पदवी दिली होती. पान देठाला कसे फुटते, फळ कुठे फुगते आणि कुठे आवळते, हे ज्याने बारकाईने पाहिले आहे, त्याच्या हातून आकार वेगळेच निघतात. १८७६-७७ मध्ये ते जपानला गेले, तिथल्या कारागिरांचे काम त्यांनी जवळून पाहिले, आणि लिन्थॉर्पसाठी केलेल्या त्यांच्या आकारांत जपान, पेरू आणि मध्यपूर्वेतल्या जुन्या भांड्यांच्या खुणा दिसतात. व्हिक्टोरियन घर म्हटले की फुलापानांनी आणि सोनेरी कडांनी भरलेली भांडी डोळ्यांसमोर येतात. त्या काळात केवळ आकार आणि ओघळ यांवर विश्वास टाकणारी ही फुलदाणी किती धीट होती, हे तिच्या समकालीन वस्तूंशेजारी ती पाहिल्यावरच मला कळले.

एच आणि टी ही अक्षरे हेन्री टूथ या व्यवस्थापकाची आहेत. ते चित्रकार होते. ड्रेसर यांनी त्यांना या कारखान्यासाठी निवडले, आणि ग्लेझचे हे ओघळते रंग पुष्कळ अंशी त्यांच्या देखरेखीखाली सिद्ध झाले. १८८२ मध्ये ते लिन्थॉर्प सोडून गेले आणि विल्यम ऑल्ट यांच्या भागीदारीत त्यांनी डर्बीशायरमध्ये ब्रेटबी हा स्वतःचा कारखाना काढला. त्यामुळे ड्रेसर यांची सही आणि टूथ यांची अक्षरे एकाच बुडावर असतील, तर वस्तू १८७९ ते १८८२ या अवघ्या तीन-चार वर्षांतली ठरते. लाल मातीही याच काळाकडे बोट दाखवते, कारण पुढे कारखान्याने बाहेरून पांढरी माती आणून वापरायला सुरुवात केली. हॅरिसन यांचे दिवाळे निघाले आणि हा सारा उद्योग दहा-अकरा वर्षांतच बंद पडला.

इथले डॉर्मन संग्रहालय आमच्या घरापासून पायी वीस मिनिटांवर आहे. लिन्थॉर्पच्या वस्तूंचा मोठा संग्रह तिथे आहे, आणि ड्रेसर यांच्या कामासाठी एक वेगळे दालनही आहे. आधी पत्र लिहून, वेळ ठरवून मी फुलदाणी तिथे घेऊन गेले. तिची किंमत सांगणार नाही, हे त्यांनी पत्रातच कळवले होते आणि मला ते आवडले, कारण किमतीची चर्चा सुरू झाली की बाकीचे बोलणे संपते. तिथल्या अभ्यासक बाईंनी खोली अंधारी केली आणि लहान विजेरी बुडाला जवळजवळ टेकवून तिरपी धरली, तेव्हा ग्लेझखाली बुजलेला आकडा सावलीमुळे वर आला आणि तीन अंकी आकार-क्रमांक वाचता आला. त्याच आकाराची, पण निळसर ग्लेझची दुसरी फुलदाणी त्यांच्या कपाटात होती. दोन्ही शेजारी ठेवल्या तेव्हा एका साच्यातून निघालेल्या दोन बहिणी इतक्या वेगळ्या कशा दिसतात, याचे मला राहून राहून नवल वाटले. त्यानंतर त्यांनी अतिनील प्रकाशाचा दिवा लावला. गळ्याच्या कडेचा नखाएवढा भाग बाकीच्यापेक्षा वेगळा चमकला, म्हणजे तिथे टवका उडाला होता आणि कोणीतरी तो भरून वर रंग दिला होता. दुरुस्ती नेटकी होती. ज्याने ती करून घेतली त्याला ही वस्तू फेकून द्यायची नव्हती, एवढे त्यावरून कळले.

चिठ्ठी मात्र त्यांनी काढू दिली नाही आणि ओली तर मुळीच करू नका, असे बजावले. तिरप्या उजेडात अनेक छायाचित्रे काढून, ती संगणकावर गडद-फिकट करत मी वाचत बसले. शाई तपकिरी पडली होती, मधला भाग झुरळाने खाल्ल्यासारखा गेला होता. दुसऱ्या रात्री अक्षरे जुळली. एका ओळीत 'मदर्स', म्हणजे 'आईची', असे होते. खालच्या ओळीत 'फॉर ई.', म्हणजे 'ई.साठी'. बस, एवढेच.

'ई' हे बाईंच्या मावशीआजींच्या नावाचे पहिले अक्षर, त्यामुळे घरच्यांनी आजवर ती खूण त्यांचीच मानली होती. पण मग 'आईची' म्हणजे कोणाच्या आईची? मावशीआजींचे वडील गोदीत हमाल होते आणि आई आठ मुलांचे घर चालवत होती. त्या घरात अशी फुलदाणी असणे शक्य नव्हते, आणि हवेलीतल्या मालकिणीने मोलकरणीला दिलेल्या वस्तूवर 'आईची' असे लिहिण्याचे काही कारण नव्हते. घरची हकिकत आणि बुडाखालची चिठ्ठी या दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नव्हत्या.

इंग्लंडमध्ये एखाद्या वस्तूचे जुने मालक शोधायचे म्हणजे प्रत्यक्षात माणसे शोधायची असतात, आणि ती अलीकडून पलीकडे अशी शोधायची असतात. मावशीआजी १९७४ मध्ये वारल्या. १८५८ पासूनच्या मृत्युपत्रांची वर्षवार सूची इथे सर्वांना पाहता येते. तिच्यात नाव, पत्ता, मृत्यूची तारीख आणि मागे ठेवलेल्या मालमत्तेची रक्कम असते, आणि शुल्क भरले की मृत्युपत्राची प्रतही मिळते. मावशीआजींच्या दीड पानी मृत्युपत्रात सर्व घरसामान भावाच्या नातीला, म्हणजे आमच्या बाईंच्या नात्यातल्या एका बहिणीला दिले होते, पण 'जिन्यातली फुलदाणी' तेवढी आमच्या बाईंना. मावशीआजींनी ती बाईंच्या नावाने लिहून ठेवली होती, हे त्यांना त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते. त्यांना वाटत होते की आवराआवरीत ती आपल्या वाट्याला आली.

सूचीतल्या पत्त्याने पुढचा रस्ता दाखवला. तो हवेलीचा पत्ता नव्हता. शहरातल्या एका ओळीच्या घरांतले, दोन मजली, पुढे लहानसे अंगण असलेले ते घर होते. मतदार याद्या पाहिल्या तर मावशीआजी तिथे कितीतरी वर्षे राहत होत्या आणि त्यांच्याबरोबर १९५८ पर्यंत दुसऱ्या एका स्त्रीचे नाव होते. तिच्याही नावाची सुरुवात 'ई'नेच होत होती.

त्या क्षणी मी खुर्चीवरून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या हे आठवते.

यानंतरचा कागद १९३९ च्या नोंदवहीचा. दुसरे महायुद्ध सुरू होताच २९ सप्टेंबर १९३९ रोजी सरकारने सर्व नागरिकांची नोंद केली, ओळखपत्रे आणि पुढे शिधापत्रिका देण्यासाठी. १९३१ च्या जनगणनेचे इंग्लंड आणि वेल्सचे कागद १९४२ च्या आगीत जळून गेले आणि १९४१ साली जनगणना झालीच नाही, त्यामुळे १९२१ ते १९५१ या तीस वर्षांत घरातली सगळी माणसे एकत्र दाखवणारी जनगणनेसारखी हीच एक नोंद उरते. त्या घराच्या ओळीत दोन स्त्रिया होत्या. एक, वय पन्नास, अविवाहित, शाळेत शिक्षिका. दुसरी, वय पंचेचाळीस, अविवाहित, आणि व्यवसायाच्या रकान्यात 'घरकाम, बिनपगारी'. ही दुसरी म्हणजे आमच्या मावशीआजी. हा शेरा त्या नोंदवहीत लाखो गृहिणींच्या नावापुढे आहे. पगारी मोलकरणीपुढे मात्र मोलकरीण असेच लिहिलेले असते. तेव्हा १९३९ साली मावशीआजी त्या घरात नोकर राहिल्या नव्हत्या. शिक्षिका पगार आणत होती, मावशीआजी घर चालवत होत्या, आणि जिन्यात फुलदाणी होती.

तिथून मागे जाणे सोपे होते. जून १९२१ च्या जनगणनेत त्याच घरात कुटुंबप्रमुख म्हणून एक पासष्ट वर्षांची विधवा आहे, तिची शिक्षिका मुलगी आहे, आणि मावशीआजी 'नोकर' या नात्याने नोंदल्या आहेत. आणि मग १९११. त्या वर्षीच्या जनगणनेचे एक वैशिष्ट्य असे की घरप्रमुखाने स्वतः भरलेले मूळ तक्ते जपले गेले. त्याआधीच्या जनगणनांत प्रगणकाने नकलून काढलेल्या वह्याच आपल्याला दिसतात, १९११ मध्ये मात्र त्या घरातल्या माणसाचे स्वतःचे हस्ताक्षर समोर येते. ते घर रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या एका कारकुनाचे होते. वय अठ्ठावन्न. पत्नी पंचावन्न. मुलगी बावीस, शिक्षिका, नाव 'ई'ने सुरू होणारे. मोलकरीण सतरा, नाव 'ई'ने सुरू होणारे. त्या वर्षी विवाहित स्त्रियांबद्दल आणखी काही प्रश्न विचारले होते. लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली, आणि त्यांतली किती हयात आहेत. कारकुनाने रेखीव अक्षरांत लिहिले होते: तेहतीस, सहा, तीन.

हिशेब तपासण्याच्या नोकरीत सह्या ताडून पाहणे हे माझे रोजचे काम होते. मी चिठ्ठीचे छायाचित्र आणि तक्त्याचे छायाचित्र शेजारी ठेवले. चिठ्ठीवर 'मदर्स'चा मोठा एम आहे, तक्त्यावर 'मॅरीड' आणि 'मिडल्सबरो' या शब्दांत तो अनेकदा येतो. पहिला दांडा उंच, वर डावीकडे वळवलेला लहान आकडा, आणि शेवटचा दांडा ओळीखाली उतरलेला, हे दोन्हीकडे एकच. 'ई' तीनाच्या आकड्याला उलटे केल्यासारखा, मध्ये छोट्या गाठीसह, हेही दोन्हीकडे तसेच. हस्ताक्षर-तज्ज्ञ होण्याचा माझा दावा नाही, पण नोकरीत असते तर या दोन कागदांवर मी एकाच माणसाची सही म्हणून मान्यता दिली असती.

म्हणजे चिठ्ठी वडिलांनी लिहिली होती. मुलांदेखत बायकोचा उल्लेख 'आई' असा करणारे नवरे आपल्याकडेही होते आणि आहेत, त्यामुळे त्या शब्दाने मी अडखळले नाही. १९१६ मध्ये ते वारले, तेव्हा चिठ्ठी त्यापूर्वीची. आपण गेल्यावर या वस्तूबद्दल मुलांत प्रश्न उठू नये म्हणून त्यांनी दोन गोष्टी लिहून ठेवल्या. ही माझी नाही, तुमच्या आईची आहे, आणि तिच्यानंतर ती मुलीला जावी.

इथे मला कायद्याचे पुस्तक उघडावे लागले, आणि या साऱ्या शोधातला सर्वांत मोलाचा भाग मला तिथे मिळाला. लग्न १८७८ चे, फुलदाणी १८७९ ते १८८२ मधली. इंग्लंडच्या जुन्या कायद्याप्रमाणे लग्न झालेल्या स्त्रीची जंगम मालमत्ता, मग ती तिने आणलेली असो वा नंतर मिळवलेली, नवऱ्याची होत असे. आपल्या स्मृतिग्रंथांनी ज्याला स्त्रीधन म्हणून निदान तत्त्वतः वेगळे काढले होते, तशी सरसकट सोय तिथे नव्हती. श्रीमंत घराणी विश्वस्त नेमून त्यातून वाट काढत, कारकुनाच्या घरी ते कुठून होणार? हे बदलणारा मोठा कायदा १८८२ चा, आणि तो लागू झाला १ जानेवारी १८८३ पासून. त्याआधी घरखर्चाच्या पैशांतून किंवा भेट म्हणून ही फुलदाणी त्या घरात आली असेल, तर कायद्याने ती कारकुनाची होती. याला एक अपवाद होता. १८७० च्या कायद्याने विवाहित स्त्रीने स्वतंत्रपणे केलेल्या कामाची कमाई तिची स्वतःची ठरवली होती.

३ एप्रिल १८८१ च्या जनगणनेची वही मी आधी केवळ पत्त्यासाठी पाहिली होती, ती पुन्हा उघडली. दोन खोल्यांत राहणारे ते तरुण जोडपे, एक वर्षाचे मूल, आणि पत्नीच्या नावापुढे व्यवसाय लिहिलेला: शिवणकाम करणारी. संगणकावरच्या एका नकलेत हा शब्द चुकीचा वाचून वगळला होता, म्हणून मूळ पान पाहिल्याशिवाय तो मला दिसला नसता. पुढच्या सर्व जनगणनांत तिचा हा रकाना कोरा आहे. तीस वर्षांनी नवऱ्याने भरलेल्या तक्त्यातही तो कोराच आहे. पण १८८१ मध्ये ती स्वतः कमावत होती आणि लिन्थॉर्पचा कारखाना त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर जोरात सुरू होता.

माझ्याजवळ पावती नाही. तिने ती शिवणाच्या पैशांतून घेतली, हे मी सिद्ध करू शकत नाही. दुकानात काही वर्षे पडून राहिलेली फुलदाणी १८८३ नंतरही घरात आली असेल. पण तिच्या नवऱ्याने, ज्याला ती आपली म्हणवता आली असती, कागदाचा एक तुकडा कापून, त्यावर 'आईची' असे लिहून, तो खळ लावून बुडाला चिकटवला. मृत्युपत्रात ज्याने आपले घड्याळ, पुस्तके आणि भांडवल यांचा तपशील दिला आहे, त्याने फुलदाणीचा उल्लेख त्यात केला नाही, कारण जे आपले नाही ते देण्याचा प्रश्नच नव्हता. हे दोन्ही कागद समोर ठेवून पाहिले की माझे मत एका बाजूला झुकते आणि ते मी लपवत नाही.

पुढची साखळी थोडक्यात सांगते. ती माता १९२७ मध्ये गेली आणि घरातले सर्व सामान मुलीला मिळाले. मुलगी आयुष्यभर शिक्षिका राहिली. त्या काळी लग्न केले की बहुतेक ठिकाणी शिक्षिकेला नोकरी सोडावी लागे, आणि १९४४ च्या शिक्षण कायद्यापर्यंत हे बंधन राहिले. तेव्हा ती अविवाहित राहिली यामागे तिची निवड किती आणि नियम किती, हे कागदांवरून सांगता येत नाही. १९५८ मध्ये ती वारली. तिच्या मृत्युपत्रात घर आणि सामान 'जिने माझ्याबरोबर सत्तेचाळीस वर्षे हे घर राखले' त्या स्त्रीला आहे. चिठ्ठी बदलावी लागली नाही. 'ई.साठी' या शब्दांत दुसरी ई आपोआप सामावली.

हे सारे लिहून मी बाईंना वाचून दाखवायला वृद्धाश्रमात गेले तेव्हा मनात धाकधूक होती. हवेली गेली, कारखानदार गेला, उदार मालकीण गेली, आणि त्यांच्या जागी मालधक्क्यावरचा कारकून आला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की टवका त्यांनीच पाडला होता. आईचे आजारपण होते म्हणून चौदाव्या वर्षी, १९५१ च्या वसंतात, त्या काही महिने मावशीआजींकडे राहायला होत्या आणि जिना उतरताना त्यांच्या दप्तराचा धक्का लागला. शिक्षिकाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी तुकडा रुमालात बांधून ठेवला आणि पुढच्या पगाराला फुलदाणी दुरुस्तीला पाठवली. "घरात त्यांना आम्ही मिस म्हणत असू," बाई म्हणाल्या, "मावशीआजी मात्र त्यांना नुसत्या नावाने हाक मारत." हवेलीची गोष्ट कोणी सुरू केली हे त्यांना आठवेना. बहुधा मावशीआजींच्या भावाने, कारण आपली बहीण एका शिक्षिकेच्या घरी बिनपगारी राहते हे त्याला कधी पटले नाही, असा त्यांचा अंदाज आहे. मला तो पटतो.

आमच्या मिरजेच्या घरी भांड्यांवर नावे घातलेली असतात. लग्नात आलेल्या पितळी डब्यावर, तांब्यावर, पुढे स्टीलच्या ताटांवर, ठोक्याठोक्याने कोरलेली ठिपक्यांची अक्षरे: कोणाकडून कोणाला, कोणत्या साली, सप्रेम भेट. आजीच्या एका डब्यावर तिचे माहेरचे नाव आहे, आणि लग्नानंतर बदललेले ते नाव आता घरात फक्त त्या डब्यावरच उरले आहे. या फुलदाणीच्या बुडावर कारखान्याचे, कल्पकाचे आणि व्यवस्थापकाचे नाव मातीतच भाजून पक्के केलेले आहे. ज्यांनी ती एकशे चाळीस वर्षे पुसली, जिन्याच्या खिडकीत ठेवली, फुटल्यावर सांधून आणली, त्यांच्यापैकी कोणाचेही नाव तिच्यावर नाही. एक अक्षर तेवढे आहे, तेही कागदावर.

मी बुडावर काही कोरणार नाही, संग्रहालयातल्या बाईंनीही साध्या पेन्सिलीने आम्लमुक्त कागदावर लिहून तो आत ठेवण्याचा सल्ला दिला. बाईंनी सांगितले, मी लिहिले. पहिली ओळ शिवणकाम करणाऱ्या आईची, पूर्ण नावाने, लग्नापूर्वीच्या आडनावासह. दुसरी शिक्षिकेची. तिसरी मावशीआजींची, आणि त्यांच्या नावापुढे बाईंच्या आग्रहाने 'नोकर' हा शब्द घातलेला नाही. चौथी बाईंची, टवक्याच्या वर्षासह. पाचव्या ओळीवर त्यांनी माझे नाव मराठीत लिहायला लावले आणि ते कसे उच्चारायचे हे खाली इंग्रजीत लिहून घेतले. ८ एप्रिल १९५१ रोजी झालेल्या जनगणनेचे कागद शंभर वर्षे पूर्ण झाल्यावर, २०५२ मध्ये, सर्वांना खुले व्हायचे आहेत. त्या तक्त्यात, त्या पत्त्यावर, तीन नावे सापडतील की दोनच, हे बाईंना नक्की आठवत नाही, कारण त्या कोणत्या आठवड्यात तिथे पोचल्या याची खात्री त्यांना देता येईना. म्हणून कागदाच्या तळाशी मी तो पत्ता लिहिला आहे, आणि फुलदाणी तेव्हा ज्याच्याकडे असेल त्याने ते पान काढून पाहावे, अशी विनंती केली आहे.